बसऱ्याच्या भिंतीवर नसलेले नाव

भाद्रपद वद्य एकादशी : सांगली, कराड, अपशिंगे

माझ्या आजोबांचे थोरले बंधू जानेवारी १९१६ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मरण पावले. त्यांचे छायाचित्र नाही, पत्र नाही, जन्माची तारीख नाही. घरात त्यांचा उल्लेख ‘बसऱ्याला गेले ते’ एवढाच होत असे आणि तोही वर्षातून एकदा, भाद्रपदातल्या वद्य चतुर्दशीला, म्हाळाच्या दिवशी. यंदा ती चतुर्दशी मूळ गावी खटाव तालुक्यात गाठायची आणि तिथे जाण्याआधी या जिल्ह्याने आपले लढाईत पडलेले तरुण कसकसे लक्षात ठेवले आहेत ते वाटेत पाहून घ्यायचे, असे ठरवून सांगलीहून सकाळच्या एसटीने निघालो.

लष्करी नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘सातारा’ लिहिलेले आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत स्वतंत्र नव्हता, त्यामुळे वाळवा, तासगाव, खानापूर या तालुक्यांतून गेलेला शिपाईही त्या वहीत साताऱ्याचाच आहे. नोंद शोधताना हे ध्यानात ठेवावे लागते, नाहीतर आपला माणूस सापडत नाही आणि दुसऱ्याचाच आपला म्हणून घरी आणला जातो.

इस्लामपूर, पेठ नाका मागे टाकून कराडला उतरलो. एकादशी असल्यामुळे स्थानकाजवळ साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि प्रीतिसंगमावर थोडा वेळ थांबलो. पाऊस सरत आला असला तरी कृष्णा आणि कोयना दोन्ही गढूळ होत्या. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी शाळेची सहल आलेली होती आणि गुरुजी मुलांना १९६२ साल समजावून सांगत होते : चीनकडून पराभव झाला तेव्हा पंडित नेहरूंनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना दिल्लीला बोलावून संरक्षण खाते कसे सोपवले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे लोक का म्हणू लागले. मुले भेळेच्या गाडीकडे पाहत होती.

कराडहून साताऱ्याच्या रस्त्याला नागठाण्याच्या बाजूने अपशिंगे गाव लागते. कागदोपत्री त्याचे नावच ‘अपशिंगे (मिलिटरी)’ असे लिहितात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले आणि इंग्रज सरकारने त्यांच्यासाठी गावात स्मारक उभारले. घराघरातून फौजेत माणूस जाण्याची रीत तेव्हापासून आजतागायत मोडलेली नाही. ४६ हा आकडा कागदावर वाचताना जेवढा वाटतो त्यापेक्षा गावात उभे राहिल्यावर पुष्कळ मोठा वाटतो, कारण तिथे डोळ्यांसमोर आळ्या असतात. त्या काळच्या गावाची वस्ती आजच्यापेक्षा कितीतरी कमी असणार. त्यातून चार-पाच वर्षांच्या अवधीत ४६ तरुण वजा झाल्यावर पेरणीला, सुगीला, लग्नकार्यात, पालखीला खांदा द्यायला कोण उरले असेल, हा विचार मला तिथून हलू देईना.

स्मारकापाशी एक निवृत्त फौजी भेटले. त्यांना सगळे ‘मेजर’ म्हणत होते. आमच्या भागात हवालदार-मेजर होऊन परतलेला माणूस कायमचा मेजरच असतो.

“पावणं, कुणीकडचं?” त्यांनी विचारले.

खटावचे, पण सांगलीत राहतो, असे सांगितले आणि येण्याचे कारणही सांगितले. त्यांनी पलटण विचारली. ११७ वी मराठा, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “म्हंजी कुतवाली.” शंभर वर्षांहून जुनी गोष्ट त्यांना पलटणीच्या हिशेबाने कालची होती. मग त्यांनी गावातल्या भरतीच्या आठवणी सांगितल्या. पोरगे भरती झाले की आधी पेढे आणि रडणे मागाहून, गाडी हलल्यावर, असे ते हसत म्हणाले. मी त्यांना ४६ जणांविषयी विचारले तेव्हा मात्र ते हसले नाहीत. “ती सगळी पोरं हुती,” एवढेच बोलले.

मुक्कामाला साताऱ्यास आलो. रात्री खोलीवर कुतची हकिगत पुन्हा वाचून काढली, ती इथे थोडक्यात सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे काही समजणार नाही. मेजर जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन, तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने चालून गेली. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली, त्या लढाईत डिव्हिजनचे साडेचार हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले आणि उरलेले कुतपर्यंत मागे हटले. ७ डिसेंबरला वेढा पडला. सोडवायला आलेल्या फौजेने शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयत अशा एकामागून एक लढाया दिल्या आणि त्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे जायबंदी झाली किंवा मेली, पण वेढा उठला नाही. आत शिधा कमी कमी होत गेला. घोडे आणि खेचरे कापून खाण्याची पाळी आली, ते मांस पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्माच्या कारणाने दीर्घकाळ नाकारले आणि भाजीपाला नसल्यामुळे हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही रोग त्यांच्यात पसरला. शेवटी विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोकांनी शरणागती पत्करली, आणि जे जगले होते त्यांना वाळवंटातून पायी हाकत नेऊन पुष्कळांना रास-अल-ऐनजवळ बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले.

आमचे हे थोरले आजोबा शरणागतीच्या आधी गेले. गोळी लागून गेले की आजाराने, हे नोंदीत नाही. फार वर्षांपूर्वी मी याला त्यांचे दुर्दैव समजत असे. रास-अल-ऐनची वर्णने वाचल्यापासून तसे म्हणवत नाही.

भाद्रपद वद्य द्वादशी : सातारा

दिवसभर पाऊस. चार भिंतीपर्यंत चढून गेलो. १८५७ च्या उठावात साताऱ्यातल्या सतरा जणांना ८ सप्टेंबर रोजी गेंडामाळावर मृत्युदंड देण्यात आला, त्या हुतात्म्यांची आठवण या जागेशी जोडलेली आहे. वरून शहर दिसते, अजिंक्यतारा धुक्यात होता.

दुपारी सैनिक स्कूलच्या फाटकावरून गेलो. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिकी शाळा. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक इथेच शिकले. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना ते पडले, तेव्हा त्याच दिवशी सगळ्या जिल्ह्याला ते कळले होते, अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी मी दूरचित्रवाणीवर पाहिली होती, आणि पुढे त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक प्रशिक्षण पुरे करून २०१७ मध्ये स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. कर्नल महाडिकांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. १९१६ साली आमच्या घरी बातमी पोहोचायला, आजीच्या सांगण्याप्रमाणे, पुढची पेरणी उजाडली होती. पाटलाने चावडीवर बोलावून कागद वाचून दाखवला आणि तोपर्यंत पणजी रोज संध्याकाळी त्यांच्या नावाची भाकरी बाजूला काढून ठेवीत होती.

भाद्रपद वद्य त्रयोदशी : किकली

पाऊस उघडला. साताऱ्याहून पुण्याच्या रस्त्याने निघून महामार्ग सोडला आणि पूर्वेकडे चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या रोखाने किकलीला गेलो. वाई तालुक्यातले हे गाव वीरगळांसाठी प्रसिद्ध आहे. यादवकाळातले भैरवनाथाचे मंदिर आणि त्याच्या भोवती ओळीने लावलेले दगड पाहायला एक सकाळ पुरत नाही.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाची गावाने उभी केलेली शिळा. ती खालून वर वाचायची असते. सर्वांत खालच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला असतो. काही शिळांवर त्याच्याशेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे तो गावाचे गोधन लुटारूंपासून सोडवताना मेला. वरच्या कप्प्यात त्याची लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य : ते आहेत तोवर याची कीर्ती राहो.

मी पुष्कळ वेळ एकाच शिळेसमोर बसलो. तिच्यातला वीर इतका ठेंगणा आणि त्याची ढाल इतकी मोठी होती की तो पोरसवदा असावा असे वाटत राहिले. शिल्पकाराच्या हाताची ती ढबही असेल. पण त्याचे तोंड, केसांची गाठ, पाय रोवण्याची तऱ्हा, समोरच्या शत्रूंची संख्या, हे सगळे तिथे आहे. नाव तेवढे नाही. या भागातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर कोरलेले नसते. शिळा उभी करणाऱ्यांना त्याची गरज वाटली नसावी, कारण पडलेला कोण हे गावात पोरासोरांना ठाऊक होते, आणि नाव विसरले जाईल इतक्या पुढच्या काळाचा विचार त्यांनी चंद्र-सूर्यांवर सोपवला होता.

साम्राज्याने नेमके उलटे केले, आणि ते करतानाही हात आखडता घेतला. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे ठाऊक नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक झाले. ८० मीटर लांबीची, छत असलेली खांबांची ओळ आणि मध्ये १६ मीटर उंचीचा स्तंभ, सगळे पांढऱ्या दगडात. तो दगड हिंदुस्थानातून नेलेला होता. खांबांमागच्या भिंतीवर पाट्या लावून ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, अगदी साध्या शिपायापर्यंत. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नावेही कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतके इतर’ असे आकडे लिहिले. नावे वह्यांत होती. वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा इतक्या बारकाईने होती, म्हणजे नावे ठाऊक नव्हती असे म्हणण्याची सोय नाही. या थडग्यांची आणि स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून आशिया-आफ्रिकेतल्या मृतांना समान वागणूक मिळाली नाही हे मान्य केले, माफीही मागितली. ते स्मारक १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून बसऱ्यापासून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्याला नेण्यात आले आहे. आमच्यापैकी कोणी तिथे जाईल असे दिसत नाही, आणि गेला तरी भिंतीवर त्याला एक आकडा सापडेल.

किकलीत कुणीतरी सकाळीच प्रत्येक शिळेला फूल वाहिले होते. कोणी वाहिले ते विचारले तर देवळातल्या बाई म्हणाल्या, “आपल्याच गावचं हाईत की.”

भाद्रपद वद्य चतुर्दशी : वडूज आणि मूळ गाव

पहाटेच्या गाडीने कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव असा वडूजला आलो. घाट उतरला की मुलूख बदलतो. कृष्णेकाठचा ऊस मागे राहतो आणि माळ सुरू होतो, जिथे भाद्रपदातल्या पावसावर रब्बीची ज्वारी ठरते. पलटणींची भरती खटाव-माणात एवढी का चाले याचे उत्तर हा माळ देतो. दुष्काळात घरातले एक खाणारे तोंड कमी होई आणि महिन्याला रोकड येई. शौर्याच्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांच्या खाली ही गोष्टही आहे, आणि ती सांगितल्याने त्या मुलांचे मोल कमी होते असे मला वाटत नाही.

वडूजमध्ये ९ सप्टेंबर १९४२ रोजी कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मा झाले. ज्या तालुक्यातून सव्वीस वर्षांपूर्वी तरुण पोरे राजासाठी लढायला गेली, त्याच तालुक्यातल्या लोकांवर त्याच राजाच्या गोळ्या चालल्या. हुतात्म्यांचे स्मारक झाले ते योग्यच झाले. पण स्वातंत्र्यानंतर पहिल्या महायुद्धातल्या आमच्या मृतांची पंचाईत झाली. ते कोणाचे? इंग्रजांनी आकड्यात काढले आणि आपण परक्याच्या लढाईत मेलेले म्हणून अंग चोरले. विशीतल्या निरक्षर शेतकऱ्याच्या पोराला १९१४ साली साम्राज्य म्हणजे काय हे कोणी विचारले होते, असा प्रश्न मला पडतो. तो पलटणीसाठी आणि शेजारी उभ्या असलेल्या, बहुतेक शेजारच्याच गावच्या, सोबत्यासाठी लढला असणार.

गावात शिरताना रस्त्यावर मुले धावत होती. भरतीची तयारी. १,६०० मीटर किती वेळात पुरे होतात ते एक जण मोबाइलवर मोजत होता. आता अग्निवीर म्हणून चार वर्षांची नेमणूक असते, तरी धावणाऱ्यांची संख्या कमी झालेली दिसली नाही. त्यांत माझा पुतण्याही होता. घामाने निथळत तसाच पाया पडला आणि पिशवी घेऊन पुढे निघाला.

दादांनी सगळी तयारी करून ठेवली होती. पितृपक्षातली ही चतुर्दशी घातचतुर्दशी म्हणून पाळतात. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचे श्राद्ध या तिथीला करायचे, मूळ तिथी कोणतीही असो. आमच्या पणजोबांनी कागद ऐकून आल्यावर हीच तिथी धरली. गोळी की स्कर्व्ही, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही : लढाईत गेला, तो शस्त्रानेच गेला. वहिनींनी वडे, खीर, कढी, भेंडी, गवार, कारले, भोपळा असा सगळा स्वयंपाक केला होता. भटजींनी नाव आणि नाते विचारले, दादांनी सांगितले आणि पाणी सोडले. त्यांना मूलबाळ नव्हते, लग्नच झाले नव्हते, म्हणून हे पाणी भावाच्या वंशाने सोडायचे, आणि ते चौथ्या पिढीपर्यंत खंड न पडता आले आहे.

नंतर वहिनींनी देव्हाऱ्यातले टाक काढून पुसायला घेतले. खंडोबा, जोतिबा, भवानी, आणि शेवटी वीर. लढाईत अकाली गेलेल्या पुरुषाचा चांदीचा टाक करून देवांत बसवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. आमचा वीर घोड्यावर बसलेला आहे. घरात मी तो लहानपणापासून पाहिला होता, पण तो कशाचा केला ते दादांनी या खेपेस प्रथमच सांगितले. सरकारकडून युद्ध संपल्यावर पदके आली होती, त्यांतले एक चांदीचे होते. पणजीने ते सोनाराकडे नेऊन आटवले आणि त्याच चांदीचा टाक करून घेतला. त्या पदकाच्या एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा असे आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा एक उघडा पुरुष, शत्रूची ढाल तुडवणारा. कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत खोदलेली असे. सोनाराच्या मुशीत राजा गेला, नाव गेले, आणि घोडेस्वाराचा घोडेस्वारच झाला. संग्राहक मंडळी असल्या गोष्टींवर हळहळतात. मला पणजीचे बरोबर वाटते. राजाचे तोंड रोज पुसत बसण्यापेक्षा तिने मुलगा देवांत बसवला.

नाव मात्र घरात दुसऱ्या ठिकाणी राहिले होते. मृतांच्या वारसांना पाठवलेली काशाची तबकडी, तळहाताहून थोडी मोठी, ट्रंकेच्या तळाशी होती. तिच्यावर ब्रिटानिया आणि सिंह आहेत आणि एका चौकटीत नाव आहे, हुद्दा नाही, कारण मरणात सगळे सारखे हे दाखवायचे होते. या तबकड्या साडेतेरा लाखांच्या आसपास ओतल्या गेल्या. बसऱ्याच्या भिंतीवर सारखेपण जमले नाही ते या तबकडीवर जमले, हे मान्य करायला हवे. पुतण्याने ती खिडकीपाशी नेऊन इंग्रजी अक्षरे लावत नाव मोठ्याने वाचले. त्याला ते आजवर ठाऊक नव्हते, त्याच्या लेखी ते ‘वीरबाबा’ होते.

जेवताना मी दगडाची गोष्ट काढली. गावात एक साधा दगड बसवावा, भैरोबाच्या देवळापाशी. दादांचे म्हणणे पडले की शाळेच्या आवारात बसवावा, देवळापाशी बसवला तर चार वर्षांत शेंदूर लागेल आणि नाव पुन्हा झाकले जाईल. वहिनी म्हणाल्या, शेंदूर लागला तर लागू द्या, शाळेतल्या दगडाला कोण फूल वाहणार. यावर बराच वाद झाला आणि शेवटी दोघांनीही ते ग्रामसभेवर सोपवले. गावातून त्या युद्धात आणखी कोणी गेले होते का हेही त्याआधी पाहिले पाहिजे, एकट्याच्याच नावाचा दगड बसवणे बरे दिसणार नाही, असे दादा म्हणाले आणि ते मला पटले. वहीतल्या नोंदी गावाच्या नावावरून शोधायच्या, हे काम पुतण्याने घेतले.

मजकुराचा कच्चा कागद मात्र त्याने तिथेच लिहायला घेतला. जन्मसालाची जागा रिकामी राहिली म्हणून ती ओळच काढून टाकली. वय कोणाला ठाऊक नव्हते. नाव, वडिलांचे नाव, ११७ वी मराठा पलटण, कुत-अल-अमारा, जानेवारी १९१६, एवढे उरले. दादांनी तो कागद वाचला, ‘मराठा’च्या आधीचा आकडा अक्षरांत नको, अंकांतच लिही म्हणून सांगितले, आणि तबकडीसोबत ट्रंकेत ठेवायला न देता खिशात घातला, कारण संध्याकाळी सरपंचांना भेटायचे होते.